गिलक्याचा वेल आणि घराघरांची खबर

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी नाटकाचं, लेझीम पथकाचं, मराठी शाळेचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. यंदा ज्या कलेविषयी लिहायचं मी ठरवलं तिला रंगमंच लागत नाही, म्हणून ती सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. ती परसबागेची कला आहे. भाजी पिकवायची आणि त्या निमित्ताने एकमेकांच्या घरचं विचारायचं. कुणाचा गुडघा कसा आहे, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, नंदुरबारला आईची साखर आता किती आली. न्यू जर्सीत आम्ही खान्देशातली काही घरं हे वर्षानुवर्षं करत आलो आहोत. ज्यांनी हे टिकवलं त्यांचे आभार कुठेतरी छापून यावेत अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

नंदुरबार म्हटलं की लोकांना मिरची आठवते. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागतो. आमच्या आयांची शेती मात्र मोरीच्या पाण्यावर चालायची. मोरीपाशी अळू, कुडावर गिलक्याचा आणि वालाचा वेल, कोपऱ्यात शेवगा. गिलकी घरात पुरून उरायची, मग सुपात घालून शेजारी जायची. सूप रिकामं परत यायचं नाही. त्यात मूठभर चवळीच्या शेंगा असायच्या, दोन लिंबं असायची आणि एखादी बातमी असायची. कुणाची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली असली तर तिच्याकडे न विचारता शेपू पोचायचा. कुणाकडे भाजी पाठवायची हे ठरवायचं म्हणजे कुणाच्या घरात काय चाललंय हे ठाऊक असायला लागायचं. आमच्या आयांना ते ठाऊक असे.

इथे आलो तेव्हा घरांमध्ये कूड नव्हता, पण अंगणात माणूसही नव्हतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दारं बंद. शेजारी भला, पण आजारपण विचारणं त्याला आगाऊपणाचं वाटायचं. गावाकडे जे आपोआप व्हायचं ते इथे ठरवून करावं लागलं आणि मला वाटतं, कलेचा भाग इथूनच सुरू झाला.

आमचं बागेचं वर्ष मार्चमध्ये तळघरातल्या दिव्याखाली उगवलेल्या रोपांपासून सुरू होतं. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं जुनं वर्ष संपतं आणि नवं ठरतं, शेतीचं वर्ष तिथून मोजतात. इथे आखाजी एप्रिल-मेमध्ये येते तेव्हा जमीन अजून गार असते. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे झाला की दहिवराची भीती सहसा सरते, आणि मग मिरची, वांगी, गिलकी बाहेर लावायची. त्या रविवारी ज्याच्या घरी जास्त रोपं असतील त्याच्या अंगणात सगळे जमतात. रोपं वाटता वाटता हिवाळाभर साठलेल्या गोष्टी निघतात. कुणाच्या सासूबाई गेल्या आणि जाता आलं नाही, कुणाची नोकरी गेली आणि ते आत्ताच सांगितलं, कुणाला नातू झाला.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. गावाकडे त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात, इथल्या अंगणात ते येतीलच याचा भरवसा नाही. म्हणून नराचं फूल तोडून मादी फुलाला हाताने परागकण लावावे लागतात. दोडक्याचंही फूल संध्याकाळचंच, गिलक्याचं मात्र सकाळी उमलतं आणि त्याच्यावर मधमाश्या मिळतात. उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा नंदुरबारला पहाटेचे साडेपाच. आई उठलेली असते, चूल नाही तरी गॅस पेटलेला असतो. एका हातात फूल, दुसऱ्या हातात फोन, आणि आई तिकडून सांगते, "ते न्हई, ज्याच्या मागं बारीक दुधी शे ते." कळीखाली बारीक दुधी असलेली ती मादी. ती कळी दाखवता दाखवता गोळ्या घेतल्या का, रात्री झोप लागली का, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं विचारून होतं. नुसती तब्येत विचारायला फोन केला तर आई "बरं शे" म्हणून ठेवून देते. दुधीच्या नादात ती खरं सांगते.

वालाने आम्हाला पुष्कळ शिकवलं. गावाकडच्या जातीचा वाल इथे जूनपासून असा माजतो की कुंपण दिसेनासं होतं, पण फूल येत नाही. पुष्कळ गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांपर्यंत जातो. फुलं येतात सप्टेंबरच्या शेवटी, शेंगा धरेपर्यंत ऑक्टोबरची थंडी येऊन वेल काळा पडतो. मग कुणीतरी इथे शोभेचा म्हणून विकला जाणारा जांभळा वाल लावून पाहिला, कुणी दिवसाच्या लांबीचं बंधन नसलेलं बियाणं शोधलं. कुणाला काय साधलं ते सगळ्यांना कळवलं गेलं. ज्ञान लपवायचं नाही, हा या मंडळींचा न बोललेला नियम आहे.

आता ज्या प्रसंगामुळे मी लिहायला बसले तो सांगते. आमच्यातल्या शहाद्याच्या ताई एका ऑगस्टमध्ये फोन उचलेनाशा झाल्या. निरोपाला उत्तर यायचं, "बरी आहे, कामात आहे." दाजी वडिलांच्या आजारपणासाठी भारतात गेलेले. तळोद्याच्या काकू अळूची पानं द्यायला गेल्या. त्यांनी बेल वाजवायच्या आधी मागचा मांडव पाहिला. गिलकी वेलावर हातभर लांब होऊन पिवळी पडली होती, काही वाळली होती. ही बाई एक दिवसाआड कोवळी गिलकी तोडणारी, भज्यांसाठी बोटभर जाडीची हवीत म्हणून हट्ट धरणारी. काकू पायरीवर बसल्या आणि दार उघडेपर्यंत उठल्या नाहीत. दार उघडल्यावर इतकंच म्हणाल्या, "काय व्हयनं माय?"

छातीत गाठ होती. तपासणी होऊन कर्करोगाचं निदान झालं होतं. दाजींना तिकडे काळजी नको म्हणून ताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी काकूंनी आधी दाजींना फोन लावायला लावला, मग आम्हा सगळ्यांना. रुग्णालयात नेण्या-आणण्याच्या पाळ्या लागल्या. केमोथेरपीत तोंडाची चव जाते, तेव्हा मऊ मुगाची खिचडी आणि दुधीचं पातळ सार कुणी कोणत्या दिवशी द्यायचं ते ठरलं. रोगप्रतिकारशक्ती कमी असताना मातीत हात घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ताई मांडवाखाली खुर्चीत बसायच्या आणि कुठली फांदी छाटायची, कुठलं फळ बियाण्याला ठेवायचं, ते सांगायच्या. त्यांची मुलगी, जी आधी बागेत पाऊल टाकत नव्हती, ती आईच्या सांगण्यावरून काम करायला शिकली. वाळलेल्या गिलक्यांचं टोक मोडून तिने काळं बी झटकून काढलं आणि पुढच्या मदर्स डेला आम्हा सगळ्यांना वाटलं. ताई आता ठणठणीत आहेत.

बाग माणसाला असा आधार देते, याला विज्ञानाचाही दुजोरा आहे. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या परिसरात २९१ लोकांवर केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सामुदायिक बागेत वाफा मिळाला त्यांच्या जेवणात तंतुमय पदार्थ वाढले, आठवड्याची हालचाल सुमारे ४२ मिनिटांनी वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, तेव्हा पहिल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेतच. पण त्या बागेत लोक एकत्र काम करत होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकट्याने ट्रेडमिलवर चालणाऱ्याला आज तू का आला नाहीस, असं कुणी विचारत नाही.

बियाण्यांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. गावाहून येताना पिशवीत बी घालून आणू नका. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर ते विमानतळावर जप्त होतं, आणि व्हायलाच हवं. रोपांचंही तसंच. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी कीड त्याच्यावर वाढते. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. म्हणून कढीपत्त्याचं रोप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरही बंधनं आहेत. आमच्याकडचं बहुतेक बी आता इथेच धरलेलं आहे. त्याबाबतीत आदर्श आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात आहे. सातपुड्यात धडगाव तालुक्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी बायफ संस्थेच्या मदतीने मका-ज्वारीच्या गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आहे. पेरायला बी न्यायचं आणि पीक आल्यावर जास्तीचं परत करायचं. आमच्या डबे-पाकिटांच्या देवघेवीला मी त्या मोठ्या कामाच्या पंक्तीत बसवत नाही, पण मन त्याच वळणाचं आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. खान्देशात त्या दिवशी रोट होतात, गंगाफळाची भाजी होते, गिलक्याची भजी होतात. इथलं ऑगस्टचं ऊन या वेलांना मानवतं, त्यामुळे कानबाईच्या नैवेद्याला लागणारी भाजी आमच्या मांडवावरून उतरते. इथे जन्मलेली मुलं कानबाईची गाणी अर्धीमुर्धी म्हणतात, पण गिलकं कोवळं आहे की जून, हे नख न लावता ओळखतात. भाजी कुणाकडे पोचवायची हे ज्या मुलांना विचारावं लागत नाही, त्यांचं मला सर्वांत जास्त कौतुक आहे. त्यांतलाच एक मुलगा कॉलेजच्या खोलीत खिडकीशी मेथी लावतो आणि दर रविवारी काकूंना तिचा फोटो पाठवतो. काकू मेथीबद्दल दोन शब्द बोलतात आणि मग जेवलास का, झोपतोस किती, मित्र आहेत का, यावर येतात.

येत्या मदर्स डेला गिलकी, दुधी, लवंगी मिरची आणि भरताच्या वांग्यांची रोपं मंडळाच्या सभासदांसाठी ठेवली आहेत. यंदा नव्याने आलेल्या कुटुंबांना आधी द्यायची असं ठरलं आहे. अंगण नसेल तर बाल्कनीतल्या बादलीत मिरची छान येते. रोप नेताना आपला फोन नंबर काकूंकडे लिहून द्या. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येईल आणि तो बराच वेळ चालेल.