गोल्फचे मैदान की सर्वांचे उद्यान?

गोल्फ कोर्ससाठी सार्वजनिक जमीन मागितली गेली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: हा कोर्स केवळ खेळाडूंचा नसेल, तो सर्वांसाठी उद्यानही असेल. आराखड्यात कडेने पायवाट, दोन-चार बाके आणि एखादे तळे दाखवलेले असते. दाखला म्हणून बहुधा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्सचे नाव घेतले जाते. हा दाखला खोटा नाही. पण त्यातून नेमके काय सिद्ध होते, हे तपासून पाहायला हवे.

ओल्ड कोर्स ज्या जमिनीवर आहे तिला 'लिंक्स' म्हणतात. समुद्रकिनारा आणि शेतजमीन यांच्या मधला वाळूचा हा पट्टा शेतीच्या फारसा उपयोगाचा नव्हता. १५५२ सालच्या एका सनदेत गावकऱ्यांचा या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर करमणुकीचा हक्क मान्य केलेला आढळतो. पुढे कर्जबाजारी नगरपालिकेने १७९७ मध्ये जमीन हातची घालवली. ससे पाळणारे व्यापारी आणि गोल्फ खेळणारे यांच्यात २० वर्षांहून अधिक काळ तंटा चालला. १८९४ च्या कायद्याने जमीन पुन्हा गावाकडे आली आणि १९७४ च्या कायद्याने तिची व्यवस्था एका ट्रस्टकडे सोपवण्यात आली. म्हणजे इथे गोल्फ कोर्सचे उद्यान केलेले नाही. मुळात गायरानासारखी सामाईक जमीन होती, तिच्यावर गोल्फ खेळला जाऊ लागला.

आज तिथे दोन गोष्टी पाहायला मिळतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेला छेदून एक सार्वजनिक वाट जाते. तिच्यावरून लोक जात असले की खेळाडू थांबतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोठ्या स्पर्धांचे मोजके अपवाद सोडले तर रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह, कुत्र्यांना घेऊन तिथे फिरतात. या प्रथेचे मूळ ख्रिस्ती धर्मातील विश्रांतीच्या वारात आहे. पण खेळाच्या सततच्या माऱ्यातून गवतालाही उसंत मिळते.

हा एक दिवस इतका मोलाचा का, याचे उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. गोल्फच्या चेंडूचे वस्तुमान सुमारे ४६ ग्रॅम असते. कसलेल्या खेळाडूने मारलेला चेंडू काठीवरून सेकंदाला ७० मीटर वेगाने निघतो. अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, या सूत्राने त्याची गतिज ऊर्जा सुमारे ११२ जूल येते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकला तर ती १२८ जूल येते. ऊर्जा जवळपास सारखीच. पण गोल्फच्या चेंडूचे छेदक्षेत्र क्रिकेटच्या चेंडूच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याने ती लहान जागेवर एकवटते. शिवाय तो २०० मीटरवरून, पाठमोऱ्या माणसाच्याही दिशेने येऊ शकतो. हवेच्या रोधाने वाटेत वेग बराच कमी होतो, तरी डोक्याला इजा व्हायला तो पुरेसा असतो. म्हणून खेळ चालू असताना त्याच हिरवळीवर मुले बागडतील, हे चित्र फसवे आहे. दोघांना एकाच वेळी जागा द्यायची तर मध्ये मोठे अंतर सोडावे लागते आणि जमीन वाया जाते. वेळ वाटून घेतली तर जमीन तेवढीच पुरते.

ओल्ड कोर्सलाही एक सवलत आहे, ती दृष्टिआड करू नये. त्याच ट्रस्टकडे एकूण सात कोर्स आहेत. एक बंद ठेवला तरी खेळाडूंची अडचण होत नाही. ज्या गावात एकच कोर्स असेल आणि देखभालीचा खर्च खेळाडूंच्या शुल्कातूनच भागवायचा असेल, तिथे नेमका रविवार सोडणे जड जाईल. ओल्ड कोर्सचा दाखला देणारे याविषयी सहसा बोलत नाहीत.

दुसरा मुद्दा पाण्याचा. सेंट अँड्र्यूजला वर्षाला सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याचा पाऊसही याच्या आसपासचाच आहे. पण तिथला पाऊस वर्षभर विखुरलेला, हवा थंड. आपला मुख्यतः चार महिन्यांत उरकणारा आणि त्यापुढे उन्हाळा. उन्हाळ्यात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. तेव्हा ४० हेक्टर हिरवळीला रोज २० लाख लिटर लागतील. माणशी १३५ लिटर या शहरी मानकाने ही सुमारे १५ हजार लोकांची गरज झाली. सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल हे खरे. पण मग ते पाणी आणखी कोणाला हवे आहे, हेही विचारावे लागेल. सेंट अँड्र्यूजचा आराखडा उचलून आणता येतो, तिथले हवामान आणता येत नाही.

आमच्या मते बहुउपयोगी गोल्फ कोर्सची कल्पना टाकाऊ नाही. पण तिची परीक्षा नकाशावर होत नाही. गोल्फ कोणत्या दिवशी आणि किती तास बंद राहील, हे लेखी आहे का? पायवाटेवरचा हक्क कायद्याने दिलेला आहे, की व्यवस्थापनाच्या मर्जीवर अवलंबून आहे? उन्हाळ्यातले पाणी कुठून येणार? यांची उत्तरे नसतील, तर कडेची पायवाट म्हणजे कुंपणाबाहेरून हिरवळ पाहण्याची सोय, एवढाच तिचा अर्थ.

सकाळी व्यायाम, दुपारी गुरे, संध्याकाळी क्रिकेट, आठवड्यातून एकदा बाजार आणि वर्षातून एकदा जत्रा: वेळेची अशी वाटणी आपल्या गावोगावच्या मैदानांना नवी नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एका मैदानाचे आठवडाभराचे असे वेळापत्रक तयार करावे. कोण, केव्हा, किती जागा वापरतो, याची नोंद करावी. कोणाला तिथे कधीच यायला मिळत नाही, तेही लिहावे. सार्वजनिक जागेचा आराखडा कसा वाचायचा, हे त्यातून त्यांना बरेचसे उमगेल.