धुरंधरांची ग्रंथचित्रे

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७ – १ जून १९४४) या मराठी चित्रकाराने इंग्रजी ग्रंथांसाठी काढलेली चित्रे. पौराणिक व ऐतिहासिक चित्रांमुळे धुरंधरांची कीर्ती झाली. ग्रंथचित्रकार म्हणून त्यांचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे.

व्हिक्टोरियन ग्रंथचित्रणाशी त्यांचा संबंध मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून येतो. १८६५ मध्ये तेथे अध्यापनासाठी आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे पुढे ग्रंथचित्रकार म्हणूनही प्रसिद्धीस आले. पुत्र रड्यर्ड यांच्या ‘किम’ (१९०१) या कादंबरीसाठी त्यांनी मातीचे उत्थित शिल्पपट घडवून त्यांची छायाचित्रे वापरली. धुरंधर १८९० मध्ये शाळेत दाखल झाले, तेव्हा जॉन ग्रिफिथ्स तिचे प्रमुख होते.

तथापि मधल्या काळात तंत्र पालटले होते. जॉन टेनिएल यांची ‘ॲलिस’मधील (१८६५) चित्रे डॅलझिएल बंधूंनी लाकडावर कोरली व ती मजकुराच्या ओळींतच बसली. रंगीत हाफटोन चित्रे मात्र वेगळ्या कागदावर छापून पुस्तकात घालावी लागत. चित्र व मजकूर यांचा सांधा त्यामुळे सैल झाला आणि चित्र स्वतंत्र तसबिरीसारखे दिसू लागले. धुरंधरांच्या ग्रंथचित्रांचे गुण व दोष या स्थितीतून उद्‍भवलेले आहेत.

ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथात त्यांची ४८ चित्रे आहेत. जातीजमातींचे नमुने मांडण्याची वसाहतकालीन हौस येथे चित्रकारावरही लादली गेली आहे. स्त्री ही व्यक्ती न राहता पेहरावाची वाहक होते. लुगड्याची चुणी आणि उभे राहण्याची ढब यांचे धुरंधरांचे ज्ञान अचूक, म्हणूनच ही चित्रे कोरड्या नोंदीपासून बचावतात.

सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ची (१९१४) गोष्ट निराळी. यातील कथा म्हणजे श्रावणात मराठी घरांतून वाचल्या जाणाऱ्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या. इंग्रजीत येताना कहाणीची ठेवणीतील वळणे, तिची आवर्तने आणि शेवटचे मागणे विरळ होणे अपरिहार्य होते. या कथा ज्या घरांतल्या, तेथील माणसांचा वेष व वावर धुरंधरांना जन्मापासून परिचित होता. पुस्तकाचे मराठीपण भाषांतरापेक्षा चित्रांत अधिक टिकले आहे. हावभाव कधीकधी नाटकी वाटतात, हे खरे. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’मध्ये (१९१२) मोहरम, सिद्दींची वस्ती, अफूचा अड्डा असे शहरी विषय आल्याने त्या अलंकरणास वावच कमी होता.

ग्रंथालयांत ही पुस्तके बहुधा लेखकाच्या नावाखाली नोंदली जातात. चित्रकाराच्या नावाची स्वतंत्र नोंद नसेल तेथे धुरंधरांचा शोध घेणाऱ्यास रॉथफील्ड, किंकेड, एडवर्ड्‌स ही नावे आधी ठाऊक असावी लागतात. सुट्या पानांवरील चित्रे निखळली वा कापून नेली गेली, तरी मजकूर अखंड राहतो आणि उणीव ध्यानात येत नाही. प्रतीची तपासणी चित्रसूचीवरून करणे म्हणूनच आवश्यक ठरते.