'रजनी'मुळे कायदा आला?

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'रजनी' लागली, प्रिया तेंडुलकर घराघरांत पोचल्या. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. झालं! 'रजनीमुळे कायदा आला' असं लिहून आपण मोकळे. पण आधी-नंतर म्हणजे कारण-परिणाम नव्हे. पुण्यात बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ पासूनच काम करत होती. ती तुमच्या प्रस्तावात नसेल तर गाईड पहिल्याच पानावर अडवतील.

मालिकेतही मला हेच खटकतं. प्रियाताईंचं काम झकास; चिडतात त्या खऱ्या वाटतात. पण रजनी बहुतेकदा एकटी भांडते आणि भाग संपेपर्यंत जिंकते. मी चिरनेरचा. आमच्याकडचा १९३० चा जंगल सत्याग्रह आसपासच्या गावांनी मिळून केला, गोळ्या झेलल्या. तो असा अर्ध्या तासात मिटला नाही.

आणि बाईंची कारकीर्द? 'अंकुर' (१९७४), टॉक शो, मराठी कथासंग्रह. २००२ मध्ये त्या गेल्या. विजय तेंडुलकरांची मुलगी आणि रजनी, एवढंच आपण लक्षात ठेवलं. त्यांच्या कथा तुमच्यापैकी कुणी वाचल्यात?