पाऊस कोरायचा, बर्फ दाबायचा

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊ. जपानी लाकूडठशाच्या चित्रातला बारकावा येतो कुठून? आपण पटकन म्हणतो, कोरणाऱ्याच्या हातातून. आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात असेच सांगत आलो. ते अर्धेच खरे होते.

हिरोशिगेचे १८५७ चे, ओहाशी पुलावरच्या अवचित सरीचे चित्र घ्या. पावसाच्या रेषा बघा. या ठशात रेष म्हणजे खोदलेला चर नव्हे. दोन्ही अंगांचे लाकूड काढून मधे राखलेला केसाएवढा कंगोरा. चेरीचे लाकूड घट्ट, म्हणून तो टिकतो. अशा रेषांच्या दोन फळ्या आहेत आणि दोन्हींचा कल किंचित वेगळा आहे. त्यामुळे सर ठोकळेबाज वाटत नाही, वाऱ्याने हलल्यासारखी दिसते. इथे सुरीच हवी होती. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हेच चित्र तैलरंगात उतरवले, तेव्हा पाऊस जाड झाला. त्याला बोल लावू नका. त्याच्या हाती कुंचला होता, फळी नव्हती.

आता वरचा काळा ढग. त्याचे विरणे कोरलेले नाहीच! छापणारा फळी ओली करतो, ब्रशने रंग लावतो आणि रंग त्या ओलीत विरत जातो. याला बोकाशी म्हणतात. प्रत्येक प्रतीसाठी हे नव्याने करायचे. चांगल्या सुरुवातीच्या प्रतींत ढगाची कड वेडीवाकडी, अनिश्चित आहे. घाईने काढलेल्या प्रतीत तिथे नुसता पट्टा उरतो. फळ्या त्याच, हं. सही हिरोशिगेची, पण ढग छापणाऱ्याचा. मग आपण परीक्षण कोणाचे करतो?

हारुनोबुच्या, १७६०च्या दशकातल्या चित्रांत आणखी पुढची गोष्ट आहे. तिथे बर्फाला किंवा पांढऱ्या वस्त्राला रंगच लावत नाहीत. ओलसर कागद कोऱ्या फळीवर दाबतात, नुसता उठाव येतो. त्याला काराझुरी म्हणतात. नैयायिक सांगतात, जमिनीवर घट नाही हे डोळ्यांनाच दिसते, अभावाचेही प्रत्यक्ष होते. कुमारिलांना ते मान्य नव्हते. हा वाद आम्ही जन्मभर शिकवला आणि त्याच काळात हारुनोबुच्या स्लाइड दाखवून ‘इथे कागद मोकळा सोडला आहे’ असे बिनदिक्कत सांगितले! समोरून सपाट प्रकाशात काढलेल्या फोटोत उठाव पुसला जातो. प्रत्यक्ष प्रत पाहिली ती निवृत्तीनंतर, आणि ओशाळलो.

तुम्हीही हे सगळे पडद्यावरच बघता आहात. म्हणून एवढे करा: एखाद्या संग्रहालयात अशी प्रत दिसली, तर समोर उभे राहू नका. बाजूला सरका, थोडे वाका, प्रकाश कागदावरून आडवा जातो तिथून बघा.