जागर आणि सोंग : भूमिकाप्रधान अद्भुत खेळांची एक मीमांसा

रात्री उशिरापर्यंत जागून संगणकावर अथवा दूरदर्शनसंचाला जोडलेल्या यंत्रावर अद्भुत कथांचे खेळ खेळणारा तरुण हा आज केवळ महानगरांतील राहिलेला नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव ह्या गावांतही तो आढळतो. त्याच्याविषयी बोलले जाते ते बहुधा पालकाच्या काळजीने किंवा वैद्याच्या दृष्टीने. ही काळजी निराधार आहे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या अनावर व्यसनाची नोंद झाली असून ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. भारताच्या संसदेनेही २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु येथे ज्या खेळांचा विचार करावयाचा आहे, त्यांचा पैजेशी संबंध नाही. त्यांत एक कथा असते, एक काल्पनिक जग असते आणि त्या जगात खेळणाराने धारण केलेली एक भूमिका असते. जेथे कथा व भूमिका आहेत, तेथे वाङ्मयसमीक्षेला काही बोलण्याचा अधिकार पोचतो. ह्या जागरणातून मिळणारा आनंद कोणत्या जातीचा आहे आणि त्याचे मोल कशावर ठरते, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

रात्री जागण्यासाठी मराठीत तीन शब्द जवळजवळ उभे आहेत : जागर, जागरण व जागल. पहिल्या दोहोंचा संबंध देवतेशी, तर तिसऱ्याचा पिकाशी व गावाच्या राखणीशी आहे. जुन्या गावगाड्यात ‘जागल्या’ हे एका वतनदार सेवकाचेच नाव होते. बीड जिल्ह्याच्या जीवनात हे तिन्ही अर्थ अद्याप पुसले गेलेले नाहीत. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असली म्हणजे पाणी देण्यासाठी रात्र जागावी लागते. दसऱ्यानंतर ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांना मोळ्या भरण्यासाठी अवेळी उठावे लागते. दुसरीकडे अंबाजोगाईची योगेश्वरी ज्यांची कुलदेवता, त्यांच्या घरी मंगलकार्यानंतर गोंधळ घातला जातो. म्हणजे श्रमासाठी जागणे आणि कथेसाठी जागणे हे दोन्ही ह्या भूमीला जुनेच परिचित आहेत. नव्या खेळांची तुलना करावयाची ती ह्यांपैकी दुसऱ्या जागण्याशी.

गोंधळाची मांडणी सर्वपरिचित आहे. चौक मांडला जातो, कलश स्थापिला जातो, दिवटी पेटते, संबळ व तुणतुणे वाजू लागते. देवदेवतांना आवाहन होते आणि मग आख्यान लागते. नायक कथा सांगतो, साथीदार शंका काढतो, विनोद करतो, मध्येच एखादे पात्र होतो. वेशांतराची फारशी सामग्री नसते. ‘जांभूळ आख्याना’त द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीचा अभिलाष व्यक्त करावयाचा असतो, तेव्हा दाढीमिशा असलेला गोंधळीच क्षणभर द्रौपदी होतो आणि श्रोत्यांना त्यात विसंगत असे काही वाटत नाही. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातील ह्या परंपरेकडे लोकरंगभूमी म्हणून पाहावयास शिकविले, ते अशाच कारणांसाठी. गोदावरीपलीकडील पैठणच्या एकनाथांची भारुडेही हेच करितात. जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे त्यांत येतात. सोंग घेणारा सोंगामागून बोलत असतो आणि आपण सोंग घेतले आहे हे तो लपवीत नाही. ‘सोंग’ ह्या मराठी शब्दाचे मर्म यातच आहे. सोंग घेता येते, आणि घेतलेले सोंग उतरविता येते.

आता दुसऱ्या बाजूस वळावे. भूमिकाप्रधान अद्भुत खेळांचा आधुनिक इतिहास गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या बैठ्या खेळापासून सुरू होतो. चारसहा मित्रांनी एका मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एक पात्र घ्यावे, एकाने कथा चालवावी आणि संशयाच्या जागी फाशांचा कौल घ्यावा, अशी त्याची रीत. ह्या घटनेचे सैद्धान्तिक महत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. फ्रेंच विचारवंत रोझे काय्वा यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण व घेरी असे चार वर्ग केले आणि कोणताही खेळ एकतर नियमांनी बांधलेला असतो किंवा कल्पनेच्या बतावणीवर उभा असतो, दोन्ही नसतो, असे प्रतिपादन केले. बुद्धिबळात नियम आहेत, भातुकलीत बतावणी आहे. सोळा वर्षांनी आलेल्या ह्या खेळाने दोहोंची गाठ घातली. तेथे बतावणीच नियमबद्ध झाली आणि नियमांना कथेचा अर्थ आला. संगणकाने पुढे फाशांचा व कथा चालविणाराचा भार आपल्याकडे घेतला. मित्रांचे कोंडाळे मात्र त्यामुळे अनावश्यक झाले. खेळणारा एकटा उरला, आणि एकट्याला सोईची वेळ रात्रीची.

ह्या एकट्याच्या अनुभवाचे स्वरूप सांगण्यास मराठी समीक्षेजवळ एक संज्ञा आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो; तादात्म्य होते, पण भेदाची जाणीव लोपत नाही, आणि ह्या दुहेरी स्थितीतच वाङ्मयानंद असतो, असे तिचे सार सांगता येईल. कादंबरीच्या वाचकापेक्षाही अद्भुत खेळ खेळणाराला हे वर्णन अधिक नेमके लागू पडते. पडद्यावरील योद्धा हा तो आहे आणि नाहीही. योद्ध्याला जखम झाली की ‘मला लागले’ असे तो म्हणतो, आणि त्याच क्षणी शेजारचा चहाचा पेला उचलतो. तथापि एक भेद आहे, आणि तो लहान नाही. वाचक दुसऱ्याच्या कृतीशी एकरूप होतो. खेळणाराला कृती स्वतः करावी लागते. वाचकाला नायकाच्या पापाची कणव येईल, परंतु ते पाप त्याने निवडलेले नसते. खेळणाराने ते निवडलेले असते. म्हणून सविकल्प समाधीत येथे जबाबदारीचा एक नवा घटक मिसळतो.

ह्या घटकाची जाण ज्यास सर्वांत आधी आली, असा खेळ म्हणून रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ मधील ‘अल्टिमा ४’ चा उल्लेख करावा लागेल. त्यात मारावयाचा असा शेवटचा राक्षस नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म व विनम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे, हे त्यातील साध्य आहे. आपल्याकडील हा शब्द त्यासाठी योजिला जावा, हेही अर्थपूर्ण आहे. त्यात औषधी विकणारे आंधळे दुकानदार येतात. किती नाणी द्यावयाची हे गिऱ्हाइकानेच मोजावयाचे असते. कमी दिली तरी दुकानदाराला कळत नाही आणि खेळही त्या वेळी काही बोलत नाही. प्रामाणिकपणाची हानी झाल्याचे मागाहून कळते. उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता नीतीचा प्रश्न खेळणाराच्या हातात ठेवण्याची ही युक्ती भारुडाच्या जवळची आहे. सोंग दुसऱ्याचे, पण बोच स्वतःला.

पोलंडमधील ‘द विचर ३’ ह्या २०१५ च्या खेळाने हाच धागा अधिक गडद केला. आन्द्रजेय सापकोव्स्की यांच्या कथांवर आधारलेल्या ह्या खेळात एका मद्यपी सरदाराची पत्नी व कन्या बेपत्ता होतात. शोध घेता घेता कळते की, त्याच्याच मारहाणीमुळे त्या घर सोडून गेल्या आहेत. वाटेत एका टेकडीखाली कोंडलेल्या पिशाचाला सोडावयाचे की मारावयाचे, असा प्रसंग येतो. सोडले तर अनाथ मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते, सरदाराची पत्नी मरते आणि सरदार स्वतःचा अंत करून घेतो. मारले तर मुलांचा बळी जातो आणि पत्नी वेडी होऊन का होईना, पण जगते. निर्णय घेताना ह्यांपैकी काहीच स्पष्ट दिसत नाही. फळ दिसते ते खेळाचा बराच भाग मागे पडल्यावर. येथे दीर्घता हा बाह्य गुण राहत नाही. दोन मिनिटांनी उलगडणारा परिणाम कोडे ठरला असता. मध्यरात्री केलेल्या निवडीचे फळ पहाटे पुढे आले म्हणजे ते कर्म ठरते. रात्र जागणे हे ह्या कलाप्रकाराचे केवळ दुष्परिणामी लक्षण नसून त्याच्या उत्कृष्ट नमुन्यांत ते त्याच्या रचनेचे अंग आहे, असे म्हणण्यास येथे आधार सापडतो. गोंधळालाही रात्र लागते ती ह्याच कारणाने. द्रौपदीच्या मनीचे गूज श्रोत्यांच्या गळी उतरण्यापूर्वी दिवसाचा व्यवहार त्यांच्या मनातून ओसरावा लागतो.

ह्यावर पलायनाचा आक्षेप सहज सुचणारा आहे, आणि मराठीला तो नवा नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या वाचकांवरही तो घेतला गेला होता. अद्भुत व वास्तव यांचा झगडा राजवाडे यांच्या १९०२ मधील ‘कादंबरी’ ह्या निबंधापासून समीक्षेत चालत आला आहे. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ मधील परीकथांवरील व्याख्यानात ह्याला दिलेले उत्तर विचारणीय आहे : तुरुंगातून सुटू पाहणारा बंदिवान आणि रणातून पळणारा सैनिक यांना एकाच मापाने मोजू नये. परंतु ह्या उत्तराने प्रश्न मिटत नाही, तो फक्त नीट मांडला जातो. खेळणारा बंदिवान आहे की पळपुटा, हे खेळाच्या विषयावरून ठरणार नाही. सोंग उतरविल्यावर तो काय घेऊन परत येतो, ह्यावरून ते ठरेल.

आणि सोंग उतरविण्याच्या बाबतीतच ह्या खेळांचे न्यून उघड होते. गोंधळाला शेवट आहे. आरती होते, दिवटी शांत होते, उजाडते, मंडळी घरोघर जातात. हा शेवट कथेने, समाजाने व सूर्याने मिळून घातलेला असतो. अलीकडे अनेक ठिकाणी गोंधळ दोनतीन तासांत आटोपला जातो; तरीही आरती राहतेच. खेळाला असा शेवट बहुधा नसतो. एक कार्य पुरे होण्यापूर्वी दुसऱ्या तीन कार्यांची यादी पुढे येते. गुणांची पातळी एका पायरीने वाढली की पुढची पायरी खुणावू लागते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन अंगे सांगितली. ह्या कसोटीवर पाहता, २०११ च्या ‘स्कायरिम’सारख्या खेळात संवाद व विरोध विपुल आहेत, समतोल नाही. तेथे यंत्र स्वतःच नवनवी किरकोळ कामे निर्माण करीत राहते आणि ती कधीच संपत नाहीत. अशा वेळी जागणारा कथेसाठी जागत नाही, यादीसाठी जागतो. जागराची जागल होते, आणि राखावयाचे पीक मात्र शेतात नसते. मागील नोंदीवर परत जाऊन निवड पुसून टाकण्याची सोय ही दुसरी उणीव होय. जे पुसता येते ते कर्म राहत नाही, आणि खेळाने मिळविलेली जबाबदारी खेळच परत घेतो.

महाराष्ट्रातील एका प्रयत्नाचा विचार केल्यावाचून ही चर्चा अपुरी राहील. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. भावाला असुरांच्या हातून सोडविण्यास निघालेली राजी, तिच्यावर दृष्टी ठेवणारे दुर्गा व विष्णू, छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितलेला कथाभाग, ही सामग्री येथील परंपरेतील आहे. त्याचा विस्तारही असा की एका रात्रीत तो संपावा. म्हणजे समतोलाचे जे उणेपण वर दाखविले ते येथे नाही. परंतु राजी होणाराला राजीच्या वतीने काहीच ठरवावे लागत नाही. त्याने लढावे, चढावे आणि देवांचे संवाद ऐकावेत. काटेकोर अर्थाने हा भूमिकाप्रधान खेळ नव्हे आणि तसा त्याचा दावाही नाही. तथापि आख्यानाचे द्रव्य इकडे आणि निवडीचे तंत्र तिकडे, अशी स्थिती त्यावरून दिसते. ‘जांभूळ आख्याना’तील द्रौपदीपुढे सत्य सांगावे की झाकावे हा जो प्रसंग उभा राहतो, तो ह्या तंत्राला किती अनुकूल आहे, हे वेगळे सांगावयास नको.

यातून भाषेचा प्रश्नही निघतो. ‘अल्टिमा’, ‘स्कायरिम’ वा ‘विचर’ यांपैकी एकही मराठीतून खेळता येत नाही. अंबाजोगाईतील विद्यार्थी जेव्हा त्या पिशाचासंबंधी निर्णय घेतो, तेव्हा त्याच्या पात्राची वाचा इंग्रजी असते आणि मनातील घालमेल मराठी. सविकल्प समाधीतील ‘विकल्प’ येथे भाषेनेच राखला जातो असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु निर्णयाची भाषा व पश्चात्तापाची भाषा भिन्न असली तर नीतीचा अनुभव अर्धवट अनुवादित राहतो, हेही तितकेच खरे. मुकुंदराज व दासोपंत यांच्या गावात हा मुद्दा फार विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नसावी.

ह्या विवेचनातून मूल्यमापनाच्या तीन कसोट्या हाती येतात. खेळ खेळणारावर खरी निवड सोपवितो काय. त्या निवडीचे फळ पुसता न येण्याजोगे आहे काय. आणि सोंग उतरविण्याची वेळ खेळाच्या रचनेतच आहे काय. पहिल्या दोन कसोट्यांना उतरणारे खेळ थोडे आहेत, तिसरीला उतरणारे त्याहून थोडे. ज्या खेळांत शेवट नाही, त्यांचा शेवट खेळणाराने घालावा लागतो, आणि ही शक्ती त्याला परंपरेकडूनच मिळण्याजोगी आहे. मराठवाड्यातील मराठी विभागांनी गोंधळाच्या संहिता गोळा केल्या, त्यांचे पाठ तपासले. त्याच शिस्तीने ह्या नव्या जागराचेही वर्णन व्हावयास हवे. कोणत्या गावात कोण काय खेळतो, खेळून झाल्यावर ती कथा मित्रांना कशी सांगतो, सांगताना ‘तो’ म्हणतो की ‘मी’ म्हणतो, हे नोंदविणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. रात्री एकट्याने घेतलेले सोंग दुसऱ्या दिवशी चारचौघांत कथा होऊन उतरत असेल, तर गोंधळाची आरती निराळ्या रूपाने चालू आहे असे मानता येईल. उतरत नसेल, तर ते न्यून यंत्राइतकेच ती कथा ऐकावयास कोणी न उरलेल्या गावाचेही आहे.