ध्वनिमुद्रिका : संग्रह आणि प्रमाण

अभिजात हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका जमविणे हा एके काळी हौशी रसिकांचा छंद समजला जाई. आता हे संग्रह संशोधनाचे साधन झाले आहेत. घराण्यांविषयीच्या प्रबंधांत 'अमुक गायकाने हा स्वरसमुदाय असा घेतला आहे' असे विधान येते आणि आधारादाखल एखाद्या एल्. पी.चा निर्देश असतो. पोथीचा आधार घेताना ती कोणत्या काळातील, कोणत्या परंपरेतील, असे प्रश्न आपण विचारतो. मुद्रिकेच्या बाबतीत मात्र 'कानांनी ऐकले' एवढेच पुरेसे मानण्यात येते. वस्तुतः मुद्रिका म्हणजे गायन नव्हे. तो गायनाचा एक पाठ होय, आणि पाठचिकित्सेवाचून त्यास प्रमाण मानता येणार नाही.

पहिला विचार कालमर्यादेचा. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गायन मुद्रित झाले, तेव्हापासून पुढे सुमारे अर्धशतक लाखेच्या तबकडीची एक बाजू साधारणतः तीन मिनिटांत संपत असे. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची, मिनिटास ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घ मुद्रिका आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. अमीरखाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची एल्. पी. ऐकावी. झुमऱ्यातील मारव्याची ती संथ बढत तीन मिनिटांत संभवलीच नसती. परंतु एल्. पी.सही मर्यादा आहेच. मैफलीत तासभर चालणारा ख्याल तेथे एका बाजूत आटोपतो. म्हणून एखादी स्वरसंगती मुद्रिकेत आढळते, हे विधान प्रमाण ठरू शकते. 'आढळत नाही, म्हणून ती घराण्यात नव्हती' हे अनुमान कधीही ग्राह्य होत नाही. गुरुमुखातून मिळालेली तालीम मुद्रिकेत सापडत नाही म्हणून चुकीची ठरविणारे विद्यार्थी प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. अनुपलब्धीस अभाव समजण्याचा हा दोष होय.

दुसरा विचार गतीचा. जुन्या तबकड्यांस आपण सरसकट '७८च्या' म्हणतो. पण आरंभीच्या काळात मुद्रणाची गती सर्वत्र एकसारखी नव्हती. मिनिटास ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर षड्ज जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि तीन मिनिटांचे गायन सुमारे नऊ सेकंद आधी संपते. स्वरांची परस्पर अंतरे कायम राहतात, म्हणून राग बिघडत नाही आणि दोष ध्यानात येत नाही. बिघडतात त्या लय आणि आवाजाची जात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हे सहज पटेल. स्वरवर्णाचे वैशिष्ट्य मुखविवरातील अनुनादांवर अवलंबून असते. गती वाढली की हे अनुनादही वर सरकतात आणि खुला 'आ'कार निराळा, बारीक भासू लागतो. आवाजाच्या लगावावरून घराण्याचे लक्षण बांधणाऱ्याने याची दखल घेतली पाहिजे. तबकडीवरून एल्. पी.वर पुनर्मुद्रण होताना ही चूक झाली असेल, तर ती कायमची होऊन बसते. नंतरचा संग्राहक निर्दोष यंत्रावर सदोष पाठच ऐकत राहतो.

तिसरा विचार मौनाचा. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांनी आपल्या गायनाची मुद्रिका मागे ठेवली नाही. त्यांची गायकी आपणांस कळते ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या मुद्रिकांवरून. हा प्रश्न थेट तौलनिक भाषाशास्त्रातील आहे. मूळ भाषा लुप्त झाली असता तिच्या कन्याभाषांतील समान रूपांवरून आपण तिची पुनर्रचना करतो. तीच पद्धती येथे लावता येईल. मात्र तिची पथ्येही पाळावी लागतील. मन्सूर प्रथम ग्वाल्हेर परंपरेत नीलकंठबुवांकडे शिकले. अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ यांची तालीम त्यांना १९३५च्या सुमारास मिळू लागली, आणि मंजीखाँच्या निधनानंतर भूर्जीखाँची. तत्पूर्वीच्या त्यांच्या तबकड्या आणि उत्तरायुष्यातील एल्. पी. एकाच गायकीचे पुरावे म्हणून शेजारी मांडल्यास निष्कर्ष चुकणारच. भाषेत ज्यास आपण अधःस्तर म्हणतो, तो गळ्यातही असतो. तो ओळखण्यासाठी मुद्रणाचा काळ ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हा काळ ठरविण्याचे साधन बहुधा तबकडीवरच असते. लेबलाभोवतीच्या कोऱ्या भागात उमटलेला साचा-क्रमांक, लेबलाचा रंग, कंपनीचा सूची-क्रमांक आणि वेष्टनावरील मजकूर यांतून मुद्रणाचा क्रम लावता येतो. हे काम विद्यापीठांनी नव्हे, तर संग्राहकांनी केले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आणि मायकेल किनियर यांच्या मुद्रिका-सूची यांच्यावाचून या विषयाचा कालानुक्रम लावणे दुष्कर झाले असते. तथापि दुर्मिळता हेच मूल्य मानणारा एक वर्गही संग्राहकांत आहे. त्याच्या कपाटातील तबकडीस ओरखडा नसतो, कारण ती कोणी ऐकलेलीच नसते. उलटपक्षी, वेष्टने टाकून देऊन केवळ ध्वनी उतरवून घेणारी ग्रंथालये पुरावाच नष्ट करतात. पहिल्याने ज्ञान कुलुपात राहते, दुसऱ्याने ते निराधार होते.

यास्तव यापुढे विभागात सादर होणाऱ्या प्रबंधांत प्रत्येक मुद्रिकेचा साचा-क्रमांक, मुद्रणाचा काळ, ऐकताना योजिलेली गती, आणि ऐकलेली प्रत मूळ की पुनर्मुद्रित, ही माहिती नोंदविण्याचा नियम व्हावा. पाठभेद न देता संपादिलेला ग्रंथ आपण स्वीकारीत नाही. मुद्रिकेस निराळा न्याय लावण्याचे कारण दिसत नाही.