जन्मस्थळ-स्मारक आणि भाषाज्ञानाचे श्रेय : योहानेस रेबमान यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
जर्मनीतील स्टुटगार्टनजीकचे गेरलिंगेन हे मिशनरी व भाषाभ्यासक योहानेस रेबमान (१८२०-१८७६) यांचे जन्मगाव. तेथे त्यांच्या स्मृतीचे संग्रहालय आहे. त्यातील मांडणीचे वर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. भाषाभ्यासकाचे स्मारक त्याच्या जन्मगावी उभे राहते तेव्हा ज्ञानाचे श्रेय कोठे स्थिरावते, या प्रश्नाची चिकित्सा येथे केली आहे.

जन्मभूमी व कार्यभूमी :
जन्मस्थळ-स्मारकाचे महत्त्व नाकारता येत नाही. खेडेगावातील एक तरुण बासेल व लंडन येथे शिक्षण घेऊन १८४६ मध्ये मोम्बासाला पोहोचतो, हा प्रवास त्याच्या गावातूनच नीट उमगतो. मात्र रेबमान यांचे कर्तृत्व घडले ते मोम्बासाजवळील रबाई येथे. ११ मे १८४८ रोजी त्यांनी किलिमांजारोवरील हिम पाहिले. लंडनमधील भूगोलज्ञ कूली यांनी ते अमान्य केले. सुमारे एकोणतीस वर्षांनंतर, १८७५ मध्ये, अंधत्व आलेले रेबमान मायदेशी परतले.

कोशाचा खरा स्रोत :
त्यांचा 'किनियासा' भाषेचा कोश १८७७ मध्ये, मृत्यूनंतर, सहकारी क्राफ यांनी प्रसिद्ध केला. आज चिचेवा किंवा न्यांजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेच्या आरंभीच्या कोशांत त्याची गणना होते. विशेष म्हणजे, ही भाषा ज्या न्यासा (मलावी) सरोवराच्या प्रदेशात बोलली जाते, तेथे न जाता रेबमान यांनी ती नोंदविली. त्यांना ती शिकविणारा सालिमिनी हा त्या प्रदेशातून मोम्बासाला आलेला गुलाम होता. अर्थात, कोशकाराचे जन्मगाव स्मारकास पात्र ठरते आणि ज्याच्या मुखातून कोश उतरला त्याचे गाव हिरावून घेतलेले असते. ही विषमता केवळ वस्तूंच्या मांडणीने दूर होणारी नाही.

महाराष्ट्राशी असलेला दुवा :
नाशिकजवळील शरणपूर येथे मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांसाठी मिशनची वसाहत होती. तेथे शिकलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर १८६४ मध्ये रेबमान यांच्या साहाय्यासाठी रबाईला गेले. म्हणजे रबाईच्या कार्यात नाशिकचाही वाटा आहे. तथापि आपल्याकडील अभ्यासक्रमांत या माणसांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

निष्कर्ष :
भाषाभ्यासकाच्या स्मारकाची कसोटी त्याच्या जन्मघराच्या जतनात नसून त्याच्या निवेदकांना मिळणाऱ्या स्थानात आहे. रेबमान यांनी सालिमिनीचे ऋण नोंदविले, म्हणूनच ते नाव आज आपल्याला ज्ञात आहे. हा निकष दूरच्या संग्रहालयाला लावताना तो स्वतःलाही लावावा लागतो. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी बोलीतील शब्दांचे संकलन केले, तेव्हा ते शब्द सांगणाऱ्या वृद्ध स्त्रियांना ऋणनिर्देशात 'ग्रामस्थ' या एका शब्दात सामावून घेतले होते. त्यांची नावे तेव्हा वहीत होती. प्रबंधात आली नाहीत. आपल्या विभागांतून सादर होणाऱ्या बोलीविषयक प्रबंधांत निवेदकाचे नाव, गाव व व्यवसाय यांची नोंद अनिवार्य करणे, ही या चिकित्सेतून निघणारी किमान अपेक्षा होय.